हॉल गप्प झाला तेव्हा

सन्माननीय अध्यक्ष, ज्यांच्या मंगल कार्यालयात आज आपण जमलो ते शिवयोगीअप्पा, व्यासपीठावरची मान्यवर मंडळी, समोर बसलेले मंडपवाले, आचारी, फुलवाले, फोटोवाले, गैबीसाबभाई, कमरुन्निसाभाभी, आणि माझ्या मागं व्यासपीठावर बसलेला, ज्याला निरोप द्यायचा आहे तो आमचा तन्वीर. सगळ्यांना या चनमल्लप्पाचा मनापासून नमस्कार. भर लग्नसराईत एक दुपार मोकळी काढून तुम्ही आलात, याहून मोठा सत्कार तो कोणता?

पुण्याच्या नव्हे, आपल्या इथल्या भवानी पेठेत साउंडचा धंदा केला. आयुष्यभर दुसऱ्यांना माईक लावून दिले, स्वतः बोललो ते 'हॅलो, हॅलो' एवढंच. शिवाय माझं मराठी मैंदर्गीचं, मधून कन्नड डोकावणार. चालवून घ्या.

तन्वीर उद्या पुण्याला निघालाय. स्वतः लिहिलेली, स्वतः चाल लावलेली गाणी रेकॉर्ड करायला एका कंपनीनं त्याला बोलावलंय. आपल्या मंडपातून थेट स्टुडिओत! हे झालं कसं?

त्याच्या अब्बांचा, गैबीसाबभाईंचा टेंपो माझे स्पीकरचे बॉक्स वाहतो. त्याच टेंपोतून तन्वीर कॉलेज सांभाळून माझ्याकडं कामाला यायचा. माझ्या गोदामात एका बंद पडलेल्या ऑर्केस्ट्राची गिटार धूळ खात पडली होती. यानं तारा बदलल्या, मोबाईलवर बघून बघून शिकला आणि बोटं सोलून घेतली. एक दिवस त्याची आई, कमरुन्निसाभाभी, दुकानात आल्या. "अण्णा, इसके हातां देखो! इतना भारी काम देते क्या तुम?" मी काय सांगणार? ते काम मी दिलंच नव्हतं.

आता मला सांगा, लग्नात स्वतःची गाणी कोण गाऊ देतं? लोकांना माहितीचीच गाणी लागतात. म्हणून यानं तोड काढली. माईक तपासताना 'हॅलो' म्हणायच्या ऐवजी हा आपलं गाणं म्हणायचा. वऱ्हाड यायच्या आधी, रिकाम्या खुर्च्यांसमोर. ऐकणारे कोण? तुम्हीच की! हे आचारी बिरुदेव, हसू नका, भट्टीवरून ओरडायचे, "अण्णा, माईक नीट लागला न्हाय अजून, त्याला आणि येकदा म्हणू द्या!" माईक उत्तम लागलाय हे मला कळत नव्हतं काय? कानावरच तर पोट भरलंय माझं. पण मीही म्हणायचो, "व्हय व्हय, जरा खरखर येते." अप्पा, तुमच्या कार्यालयाची वीज त्यापायी थोडी जास्त जळाली, हे आज तुमच्या कानावर घालतो.

गैबीसाबभाईंना मात्र घोर लागला होता, आणि तो खोटा नव्हता. गुडघे धरलेले. टेंपोवर घरचं कुणीतरी हवं. शेवटी माझ्यासमोरच ते पोराला म्हणाले, "एक प्रोग्राम कर. टिकिट लगा के कर. लोगां बैठ के सुने, तो गाते रह. उठ के गए, तो दुसरे दिन से टेंपो चलाना."

"कबूल, अब्बा," तन्वीर म्हणाला. पोरगं म्हणून गेलं. झोप माझी उडाली.

गेल्या महिन्यात तो कार्यक्रम झाला. हॉल भरला. साउंड अर्थात माझा. पहिली गाणी बरी गेली. लोक कुजबुजत होते, कुणाचा मोबाईल वाजत होता, कुठं पोर किरकिरत होतं. मला तेच बरं वाटतं. लग्नात आवाज कितीही मोठा लावा, त्याच्या खाली माणसांचा गलका असतोच, आणि त्याच्या अंदाजानंच आम्ही आवाज लावतो.

मग त्यानं बापावरचं गाणं धरलं. 'गल्लीच्या तोंडाला हॉर्न वाजतो, आई गॅस मोठा करते.' एवढी ओळ झाली, आणि खालचा गलका गेला. एकदम! मी स्टेजच्या कडेला, मला गाणं ऐकू येत होतं. पण मागचे बॉक्स बंद पडले असणार, त्याशिवाय माणसं इतकी गप्प कशी? आता लोक उठणार, आणि पोरगं टेंपोवर जाणार!

वाकून वाकून मागं पळालो. बॉक्सला कान लावला. चालू! दुसऱ्याला लावला. तोही चालू! तरी विश्वास बसेना, म्हणून वायर चाचपायला लागलो, तर खुर्चीवरच्या एक आजी माझ्यावर फिस्कारल्या, "अवो, कडंला व्हा की! वायरी काय कुरवाळताय? ऐकू द्या गाणं!"

तेव्हा मान वर करून बघितलं. मंडळी, हॉल ऐकत होता. इतक्या लग्नांत ही शांतता मला कधी भेटलेलीच नाही, ओळखणार कशी?

गैबीसाबभाई मागच्या दारापाशी उभे होते. पुढं खुर्ची रिकामी असून बसले नव्हते. कार्यक्रम संपला, टाळ्या झाल्या, तरी ते जागचे हलेनात. मी जवळ जाऊन भीत भीत विचारलं, "काय गैबीसाबभाई?"

चष्मा पुसत म्हणाले, "कुछ नै अण्णा. डायवर देखना पडेंगा."

काय सांगू तुम्हाला, डोक्यावरचा बॉक्स उतरवल्यासारखं झालं मला! डायवरही मिळाला. आमच्या गावचाच सिद्धप्पा. खड्डा दिसला की आधी शिवी देतो, मग ब्रेक मारतो. बाकी माणूस गुणी.

तन्वीर, पुण्यात तुझा माईक दुसरं कुणी लावेल. चांगला लावेल. नाही लावला, तर सांगायला लाजू नकोस.

अध्यक्षांचे, पाहुण्यांचे आणि कामं टाकून आलेल्या तुम्हा सगळ्यांचे आभार. कुणाचं नाव राहिलं असेल, थट्टा कुणाला लागली असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला. अजून बोललो असतो. पण गैबीसाबभाई आज पहिल्या रांगेत बसलेत, आणि मघापासून मान वाकडी करून माझ्या आडून तन्वीरकडं बघतायत. मी बाजूला होतो.