आर्नोचं नाक

नाही नाही, झाकण लावा आधी. लावा, मादाम, मग बोलू. आत माझा नवरा आहे, आर्नो, त्याने हा डबा बघितला तर हातचा सोडायचा नाही. जीव आहे त्याचा असल्या जुन्या डब्यांवर, आणि हा तर आमचाच निघाला की — झाकणाच्या आतल्या बाजूला त्याच्या वडिलांचं नाव आहे, सोनेरी अक्षरात, बघितलंत? पुठ्ठ्यावर रेशीम, आणि ही होडीतली बाई हाताने रंगवलेली, हो हो, एकेका डब्यावर. आजींच्या लग्नातला म्हणता? तरीच. चॉकलेटं चार दिवसांत फस्त व्हायची आणि डबा जन्मभर घरात — बटणं ठेवा, मुलांचे दुधाचे दात ठेवा — आमच्या बायोनमध्ये असला डबा नाही असं कपाट सापडायचं नाही तुम्हाला. आणि आता आजींच्या वाढदिवसाला तुम्हाला तो परत तसाच भरून न्यायचाय. छान सुचलं तुम्हाला, मी वाईट कुठे म्हणतेय? पण भरता येणार नाही.

का म्हणजे? नाक लावा ना आत. आला? डांबराच्या गोळ्या. आजींनी लोकरीचे मोजे ठेवले असतील त्यात, किती वर्षं कोण जाणे. आणि चॉकलेट म्हणजे — काय सांगू — जो शेजारी बसेल त्याचा वास अंगाला लावून घेतं. पलीकडे हॅमचं दुकान आहे ना, त्याच्यापायी आमचं मागचं दार भर उन्हाळ्यातसुद्धा बंद असतं. रविवारपर्यंत या डब्यात ठेवलंत तर आजी पहिला तुकडा तोंडात घालतील आणि त्यांना कपाट चघळल्यासारखं वाटेल. म्हणून आमच्याकडे रीतच आहे, सासऱ्यांच्या वेळेपासूनची — गिऱ्हाइकाने जुना डबा आणला की घरातल्या मोठ्या कारागिराने आधी तो उघडून हुंगायचा. तो म्हणाला स्वच्छ, तर भरायचा. नाही म्हणाला, तर मग साक्षात बिशप का आला असेना, डबा परत. आणि आर्नोचं नाक — अहो, लोणी कुठल्या गवळ्याकडचं ते हा सांगायचा, गवळ्याला ओशाळवाणं व्हायचं. मी या घरात लग्न होऊन आले तेव्हापासून अत्तराचा थेंब लावलेला नाही. साबणसुद्धा बिनवासाचा. नवी नवरी होते हो मी.

मग त्यालाच हुंगू दे म्हणता. हं.

तसं नाही. हात अजून पहिल्यासारखेच आहेत त्याचे. चॉकलेट संगमरवरावर पसरून घोटतो, बोटाने खालच्या ओठाला लावून बघतो गार झालं का, ते कधी चुकत नाही, आरशासारखी चकाकी येते बघा — हे तबकातलं त्याचंच, आज सकाळचं. पण हिवाळ्यात ताप आला होता त्याला. साधाच ताप, सगळ्या गल्लीला आला होता. ताप गेला, आणि — तुम्हाला कशाला सांगतेय मी हे? — माझ्या भाचीचं लग्न होतं हिवाळा सरता सरता, तिने मला हौसेने अत्तर लावलं, आणि मी विसरले, तशीच येऊन याच्या कामाच्या खोलीत उभी राहिले. बदाम-साखरेचं प्रालिने घोटत होता. एरवी मला हाकलून खिडक्या उघडल्या असत्या. मान वर करून म्हणाला, लग्न चांगलं झालं का? बस. तेव्हा कळलं मला.

नाही, तो काही बोललेला नाही. मी पण नाही. जिभेला गोड-कडू कळतं, त्यापलीकडे सगळं गेलंय बहुतेक. मिरची वाढत चाललीय — एस्पलेतची मिरची घालतो ना आम्ही थोडी — तर आता गिऱ्हाइकं म्हणतात, वा, आर्नो या वयात नवीन काहीतरी करतोय. तो घासून घासून संत्र्याची साल घालतो आणि मी तो पाठमोरा झाला की चाखते. आणि डबा आला की — हे तर मी कुणालाच सांगितलेलं नाही — आला की तो पहिल्यासारखाच उघडतो, नाकाशी धरतो, डोळे मिटतो, सगळं साग्रसंगीत, आणि मग डोळे उघडून माझ्या चेहऱ्याकडे बघतो. जरा कपाळाला आठी दिसली की म्हणतो, वास आहे, परत द्या. असं चाललं होतं. बरं चाललं होतं हो. मग ईस्टरला मी बाजारात गेले होते तेवढ्यात नोटरीच्या विधवा बाईंचा डबा आला, आणि हा म्हणाला स्वच्छ. बाईंनी तो मुकाट्याने माझ्याकडे परत आणला. कापराने दरवळत होता. मी आर्नोला काय सांगितलं? त्यांना चॉकलेटं फार आवडली, आणखी मागितलीत. त्या दिवशी किती खूश होता तो, शीळ घालत होता.

सांगून टाका म्हणता. बोलायला सोपं आहे. सांगितलं तर तो आजच्या आज दुकानाला टाळं लावेल, मी ओळखते त्याला, आणि टाळं लावून घरात बसला तर माणूस राहील का हो तो? आणि नाही सांगितलं तर एक दिवस कुणीतरी भर दुकानात त्याच्या देखत चॉकलेट थुंकून टाकेल. माझं काही चालत नाही, दोन्हीकडून नाही. डॉक्टर म्हणतात वाट बघा. बघतेय. त्यात परवा मला म्हणाला, मी हुंगताना माझ्यासमोर उभी राहू नकोस, मायते. रागावून नाही. अगदी हळू म्हणाला. म्हणजे त्यालाही कळलंय की मला कळलंय — आता बोला. म्हणून म्हणते, तुम्ही हा डबा पिशवीत घाला आणि चॉकलेटं आमच्या साध्या खोक्यातून न्या, मी चांगली निवडून —

आला.

काही नाही रे आर्नो, या मादाम पो शहरातून आल्यात, सहज बघत होत्या. हो, डबा आहे. त्यांच्या आजीचा. हो, बाबांचं नाव, वाचलं मी. अरे पण त्यांना घाई आहे, त्यांची गाडी —

बघा, गेला घेऊन खिडकीपाशी. पाठ केली माझ्याकडे. हळू बोला, कान शाबूत आहेत त्याचे. आता डोळे मिटले असतील. किती वेळ लावतोय. मादाम, ऐका, तो वळेल तेव्हा तुम्ही खाली बघा, तबकाकडे बघा, कुठेही बघा. मला विचारणार नाही तो आज. वळला. तुमच्याकडे बघतोय. तुमच्या तोंडाकडे —

अहो, हसलात कशाला.

काय म्हणालास, आर्नो? स्वच्छ आहे ना? हो. मी मघापासून यांना तेच सांगतेय.