शेपू कुंपणापलीकडं गेला

माझा जन्म मिरजेजवळच्या खेड्यातला, आई बाळंतिणींना न्हाऊमाखू घालायची, तेच काम माझ्या हाताला आलं, चाळीस वर्षं लेकरं चोळली, किती ते इचारू नका, मिशा फुटलेले बाप्ये मला बघून लाजायचे. मग माझ्या लेकाच्या, सचिनच्या बायकोचं दुसरं बाळंतपण निघालं, त्यासाठी म्हणून मी ह्या अमेरिकेतल्या शॉमबर्गला आले आणि हितलीच झाले.

तर बाळंतपण उरकलं, दुकानातनं आणलेला बाळंतशेपा, म्हंजे शेपूचंच बी, डबाभर उरला, भाजायचाच राहिलेला, मी आपला गावच्या सवयीनं मागच्या दारी झटकला. काय सांगू तुम्हाला ताई, वर गुडघाभर बर्फ पडलं, म्हटलं संपलं, तर ऊन लागलं तसा शेपू हा एवढा वर. भाजी केली तर कोण खाईना, सचिन म्हणाला आई, मीटिंगमध्ये ढेकर येतात गं. म्हणून तसाच राहिला, फुलला, बी सांडलं, तीन वर्षांत आमच्या लॉनमध्ये, रस्त्याकडंला आणि शेजारच्या पोलिश आजीच्या अंगणात. थोरल्या नातीनं शेपूवर फोन धरला आणि त्यात बघून म्हणाली, आजी, इट्स ॲन एलियन प्लँट, म्हंजे परमुलखातलं झाड. म्हटलं, माझ्या ग्रीन कार्डावर पण एलियन नंबर आहे म्हणतो तुझा बाप, मग मला पण काढून टाकता काय?

हसण्यावारी गेलं, पण मग सोसायटीचं लेटर आलं, तण माजलंय, काढा. सचिननं शनिवारी फवारणीवाला बोलावला. मला फार वाईट वाटलं हो. धाकटं डेकेअरला जायला लागलेलं, चोळायला कोण नाही, हात नुसते मांडीवर, ह्या गावात माझ्या हातनं झालेला तो शेपूच तेवढा होता.

शुक्रवारी बेल वाजली, दारात पोलिश आजी, हातात मुळासकट शेपू. म्हटलं आता भांडण. तिचं इंग्रजी थोडं, माझं त्याहून थोडं. तिनं बी दाखवलं, पोट धरलं, हात झुलवले आणि बाळासारखं रडून दाखवलं. मी कपाळावर हात मारला. अगं बाई, लेक बाळंतीण हाय व्हय, बाळाचं पोट दुखतंय, आणि तुमच्यात पण शेपाच देतात. मी चोळायची खूण केली, तिनं मनगट धरून नेलंच मला. बाळानं वारा सोडला, तसं आम्ही दोघी म्हाताऱ्या हसून हसून बेजार.

शनिवारी तिनं फवारणीवाल्याला आमच्या दारातनंच परत लावलं, तिच्या जावयानं शेपाभोवती विटा रोवल्या, विटांच्या आत असलं की ते तण नाही म्हणे, गार्डन. सोसायटीचं परत काय लेटर आलं नाही.

आता ह्या गल्लीतली तीन घरं मला बोलावतात. मावशी म्हणायला जीभ वळत नाही, माशी म्हणतात. म्हणू देत की. लेकरं न्हाऊन गाढ झोपतात, देव त्यांना औक्ष देवो. उद्या आठाला न्यायला येणारेत, पाणी तापवून ठेवा म्हणून सांगितलंय.