राळेगावचा समुद्र

नाई, आधी पान्यात हात नोका घालू, आधी माहं आयका. नागपूरहून आले, रस्त्यानं हाडं खिळखिळी झाली असान, पन बसू नंतर — आधी आयका. मीठ तुमचं. दगड तुमचे. फेस काढायचं यंत्र तुमचं, पानी थंड ठेवायचं यंत्र तुमचं. या हालमंधी, या भिंतीले, हे काचेचं टाकं तुम्हीच उभं केलं, रजतभाऊ, दुसऱ्या कोन्या मानसानं नाई. अन् काल सकाळी उठून पाह्यतो त सगळा कारभार आटोपला. मंग मी कोनाची कॉलर धरू? माहीच धरू? दोन्ही झिंगे उताने पडले. गोगलगायी काचेवरून गळून पडल्या. दगडाच्या भोकातले किडे — आतमंधी एवढे किडे राह्यते हे मले माहीतच नव्हतं — सगळे बाहीर येऊन लोंबकळत होते. कोरल असे मिटले जसं कोनी मुठी आवळून घेतल्या. मीठ बदललं काय तुम्ही? खरं सांगा. मागच्या येळचं पाकीट मले पिवळसर दिसलं होतं, म्या बायकोले म्हनलं बी होतं — ममता, हे पिवळं दिसते. ती म्हने तुमच्या डोळ्यालेच कावीळ झाली. तुम्हाले वाटलं असंल, खेड्यातला मानूस आहे, याले काय समजते. समजते मले. मी या राळेगावात कृषी केंद्र चालवतो, रामराव म्हनलं त चार गावचे लोकं माह्यापाशी येऊन दवाई इचारते, असली कोनती अन् बोगस कोनती हे मी झाकन फिरवून सांगतो. मले मीठ कोनी शिकवू नये.

माहं काय चुकलं ते सांगा ना. तुम्ही म्हनले बोरचं पानी नाई चालत, त्यात फ्लोराइड आहे — आम्ही तेच पेतो, आमचे दात पाह्या, पन मासोळीले नाई चालत म्हनले — त आरओ बसवला. आधी टाक्याले, मंग घरच्यायले. तुम्ही म्हनले महिनाभर मासोळी टाकू नोका, नुसते दगड ठेवा, पानी पिकू द्या. ठेवलं. लोकं येऊन पाह्यत होते अन् हासत होते, रामरावनं घरात खारं पानी अन् गोटे ठेवले अन् रोज त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसते. बसलो. कोनाच्या बापाचं काय जाते? उन्हाळ्यात मानसं कूलरले पाठ लावून पडले होते, अन् याचं पानी म्या गरम नाई होऊ देलं. लाइन गेली का इन्व्हर्टर आधी याले, घरातले पंखे मंग. या हालमंधी उदबत्ती लावू देत नाई मी. देवघर मागच्या खोलीत नेलं. मच्छरची वडी नाई, पावडर नाई, अत्तर नाई. साळा दिवाळीले अत्तर लावून आलता, त्याले वट्ट्यावर जेवाले बसवलं — अजून बोलत नाई तो मले. धूर पान्यात उतरते म्हनले तुम्ही, वास उतरते म्हनले, म्या शब्द न् शब्द आयकला. असा गिऱ्हाईक भेटला काय तुम्हाले कधी? नाई भेटला. मंग?

हासू नोका. कापसाच्या मुलखात समुद्र कायले पायजे, हेच म्हनते सगळे. सांगतो कायले पायजे. कंपनीनं आम्हा दुकानदारायले अंदमानले नेलतं — ज्याची दवाई जास्त खपली त्याले. तथी एक होडी होती, तिचा तळ काचेचा. बाकीचे आमचे दुकानदार वरतं गाने म्हनत बसले, मी खाली वाकलो. अन् भाऊ, खाली सगळं हालत होतं. जांभळं, हिरवं, पिवळं, बोटं असल्यावानी हालत होतं, अन् मधातून मासोळ्या जात होत्या, कोनाले कोनाची घाई नाई. मले रडू आलं. तुम्हाले सांगतो, ममताले नाई सांगतलं. आयुष्यभर म्या काय पाह्यलं? कापूस पाह्यला, अळी पाह्यली. आता ही गुलाबी अळी — बोंड वरून पाह्यलं त चांगलं, फोडलं त आतमंधी किडा बसला. दिवसभर दुकानात एकच गाऱ्हानं, रामरावजी, अळी मरत नाई, जोराचं द्या. नाई मेली, अजून जोराचं द्या. त मले वाटलं, घरी आल्यावर एक जागा अशी असावी जथी काही मारायचं नाई, नुसतं जगवायचं. एवढंच. त्यात हासन्यासारखं काय आहे?

काय म्हनता? मासोळी काहून जित्ती आहे? मले काय माहीत काहून. हो, नारंगी मासोळी जित्ती आहे, ते पाह्या दगडामागं, बाहीर येत नाई. झिंगे मेले, गोगलगायी मेल्या, किडे मेले, मासोळी तेवढी वाचली — मंग? मीठ खराब असतं त ती बी गेली असती. बरं. मानलं. मीठ नाई. मंग काय?

कीटकनाशक.

हे पाह्या, तुम्ही पाहुने आहा म्हून आवाज चढवत नाई. पन तुम्ही बी तेच सुरू केलं? सध्या या जिल्ह्यात कोनी शिंकलं तरी नाव दवाईचं. पेपरात तेच, टीव्हीवर तेच, कालच शेतकी खात्याचे साहेब लोकं येऊन माह्या दुकानातल्या बाटल्या उलट्यापालट्या करून गेले. फवारनीवाले बिमार पडून राह्यले — पडून राह्यले, मी कुठं नाई म्हनतो — पन काहून पडून राह्यले? कापूस यंदा डोक्याच्या वर गेला, आतमंधी वारा नाई, ऊन असं का जीव घुसमटते, अन् हे लोकं उपाशीपोटी, तोंडाले फडकं नाई, अंगात बनियान, पाठीवर पंप घेऊन दिवसभर झाडात. हात न धुता तमाखू मळते. त्यात दवाईचा काय दोष? दवाईनं काही होत असतं त आधी मले झालं असतं. माही दुकानदारी कशावर चालते माहीत आहे? हातावर. हा हात. गिऱ्हाइकाले भरोसा नसला का मी मिसळलेल्या बादलीत कोपरापर्यंत हात घालतो. काडीनं नाई, हातानं ढवळतो, अन् त्याले म्हनतो, पाह्य, मी जित्ता आहे. बाकीचे दुकानदार कागदं वाटते, मी हात दाखवतो. म्हून त लोकं माह्याकडं येते. म्हून त अंदमानले गेलतो.

हो, परवा बी दाखवला. दुकानात नाई, वावरात. माह्याच वावरात फवारनी होती, देवसिंग होता फवाराले. तांड्यावरचा आहे, दरसाल माहं वावर तोच फवारते, कामाले वाघ मानूस. तो म्हने मालक, आज वास लय उग्र आहे, डोळे चुरचुरून राह्यले. म्या म्हनलं अबे कायले भेतं, अन् ड्रमात हात घातला. चांगला ढवळला. वर काढून त्याले दाखवला. तो हासला, पंप भरला, अन् शिरला कापसात. मी घरी आलो. हात धुतले — साबनानं धुतले, घासून धुतले, ममताले इचारा. अन् मंग पाह्यतो त टाक्यातला तो जांभळा कोरल दगडावरून घसरून उलटा पडला होता, म्हून म्या त्याले सरळ कराले हात आतमंधी —

असं नोका पाहू माह्याकडं. साबनानं धुतला म्हनलं ना. धुतलेल्या हाताले किती लागून राह्यते? नखात राह्यलं असंल, केसात राह्यलं असंल, एवढंसं. एवढ्याशानं एवढं मोठं टाकं मरते काय? ... मरते. बरं. झिंगा अन् अळी एकाच जातीचे म्हनता, एकाले मारते त दुसऱ्याले बी मारते. आता हे तुम्ही आधी काहून नाई सांगतलं? उदबत्तीचं सांगतलं, अत्तराचं सांगतलं, मंग हाताचं काहून नाई सांगतलं? तुम्हाले माहीत होतं ना माहा धंदा काय आहे? राळेगावात टाकं बसवाले आले, दुकानाची पाटी वाचूनच आत आले असान. चूक तुमचीच आहे. अर्धी त तुमचीच आहे.

बरं, सोडा. भांडून काही जित्तं होत नाई. उपाय सांगा. मासोळी आहे, अन् दगडाले चिकटलेलं ते समुद्रफूल बी सकाळी थोडंसं हाललं, म्या पाह्यलं, भास नव्हता. दवाई शोषून घ्याले कोळसा टाकता? टाका. पानी बदलता? बदला, आरओचं भरून ठेवलं आहे मागं. काय? ड्रमात काय काय होतं? ते कायले पायजे तुम्हाले? ... बरं, बरं, तुमचं काम तुम्हाले समजते. सांगतो. प्रोफेनो होतं. त्यात सायपर होतं. अन् तिसरं — हे तुमच्या-माह्यात राहू द्या. पांढऱ्या कॅनमंधी येते, बिनालेबलचं, कुठून येते ते इचारू नोका. मोनोच आहे, पन दुप्पट ताकदीचं. दुकानात नाई ठेवत मी ते. या अळीपायी वावरासाठी आनलं, पहिल्यांदाच आनलं. झालं, सांगतलं सगळं. आता ही एक मासोळी तरी वाचवा. अजून काही इचारायचं असंल त इचारा, काही लपवनार नाई. इलाज करनाऱ्यापासून कोनी लपवते काय?

देवसिंग? त्याचं मधात काय काढलं? ... आहे. यवतमाळले आहे, सरकारी दवाखान्यात. परवा सांजच्याले वावराच्या धुऱ्यावर पडला. लोकायनं जीपमंधी टाकून नेला. आता डोळे उघडत नाई म्हनते, लाळ थांबत नाई म्हनते. त्याच्या पोटात काही नव्हतं, सकाळपासून नुसत्या चहावर होता, म्या म्हनलं बी त्याले, खाऊन घे. आता त्यानं खाल्लंच नाई त मी काय करू? डॉक्टर पाहून राह्यले त्याले. मोठे डॉक्टर आहे तथी.

डॉक्टरले दवाई सांगतली काय म्हनता? सांगतलं ना. म्हनजे — सांगतलं. सुखीबाई आलती काल दुकानात, त्याची बायको. डॉक्टरनं पाठवलं म्हने, कोनती दवाई होती ते पायजे, त्यावरून पुढचं ठरते म्हने. आता तुम्हीच सांगा. साहेब लोकं नुकतेच बाटल्या पाहून गेलेले, गिऱ्हाईक बसलेलं, अन् ही बाई समोर उभी. बिनालेबलचं होतं म्हनून सांगू? दुकानाले सील लागते, लायसन जाते, पेपरात फोटो येते. म्या तिले म्हनलं मंग ये. ती जाईच ना. नुसती पायरीवर उभी. कुठवर पाह्यनार? त म्या तिले एक बाटली देली. रिकामी.

निंबोळी अर्काची.

हो, निंबोळीची. काहून म्हनजे काय? काही त द्या लागत होतं ना तिच्या हातात. तिनं ती पदरात गुंडाळली, माह्या पाया पडली, अन् एसटी पकडाले पळत गेली. म्या म्हनलं नोको पडू पाया. म्हनलं होतं म्या. दोनदा म्हनलं.

कोळसा टाका ना. काहून थांबले? हात कायले पुसून राह्यले? मासोळी कडेले येऊन राह्यली पाह्या, तिले दम लागून राह्यला, अन् तुम्ही माह्या तोंडाकडं पाह्यता. मले काय शिकवता तुम्ही? मले काळीज नाई काय? त्याच्या पोरीच्या लग्नात आंदन म्या देलं, इचारा तांड्यावर. मी बी सांगनारच होतो. आज सांजच्याले फोन करनार होतो दवाखान्यात, नाव न घेता, कोन्या तरी नंबरावरून, का पाह्या बुवा, निंबोळी नाई, दुसरं काही असू शकते. इचार केलता म्या. तुमचं टाकं मेलं नसतं त कालच केला असता फोन. काल दुकानातून घरी आल्यावर मले याच्यापुढं काही सुचलंच नाई. मी अथी खुर्चीवर बसलो होतो, मेलेले झिंगे चमच्यानं काढत होतो.

वाजू द्या. माहा फोन आहे तो, वाजू द्या. यवतमाळचाच नंबर असंल, सुखीबाई असंल, कोनाचा बी फोन मागते अन् करते. उचलू नोका. रजतभाऊ, उचलू नोका म्हनतो ना — तुम्ही मासोळीवाले आहा, मासोळीचं पाह्या, दुसऱ्याच्या घरात —

काय म्हनते?

डॉक्टर आहे तिच्याजवळ?

मंग सांगा ना. तिले नोका सांगू, तिले नाई समजत, डॉक्टरच्या हातात फोन दे म्हना. प्रोफेनो म्हना. सायपर म्हना. निंबोळी नव्हती म्हना, ती बाटली फेकून द्या म्हना. अन् मोनो — नुसतं मोनो नोका म्हनू, ते साध्याचा हिशोब लावतीन, दुप्पट ताकदीचं म्हना. जोरानं बोला, तथी गर्दी राह्यते. दुप्पट म्हना. हो. परवा दुपारपासून सांजपर्यंत फवारत होता म्हना, उघड्या अंगानं. समजलं काय त्यायले? परत इचारा समजलं काय.

कोन बोलून राह्यलं म्हनून इचारते?

ठेवा फोन. ठेवा म्हनतो ना. द्या इकडं.

झालं ना तुमचं? उचला आता तुमची पिशवी. टाक्याले हात नोका लावू, जसं आहे तसं राहू द्या. निघा माह्या घरातून.