एक अक्षर लिहीत नाही हो तो!

...नाही, मला एवढंच सांगा, माणसाने चार वर्षं वही लिहायची ती कशासाठी? बोला ना! चांगली जाड पुठ्ठ्याची वही. एकेका वेळची बियर म्हणजे एकेक घाणाच म्हणा, तर प्रत्येक घाण्याला दोन पानं, डावीकडे काय घातलं, उजवीकडे काय झालं... बार्ली कुठल्या दुकानाची, पाणी किती तापवलं, कडू चवीची हॉप्सची फुलं कधी टाकली, यीस्ट सुस्त होतं का तरतरीत, व्हरांड्यात दमट होतं का कोरडं, सगळं! तुम्हाला सांगतो, स्वतःच्या लग्नाची तारीख मला बायकोला विचारावी लागते, पण गव्हाचा घाणा कोणत्या दिवशी बुडबुडायचा थांबला ते झोपेतून उठवून विचारा, घडाघडा सांगतो! धंदाच तसा माझा. आमच्या कोरियातल्या या गुन्सानच्या बाजारात चष्म्याचं दुकान, लोकांच्या डोळ्यांचे नंबर पाव-पाव काढायची सवय, मला अंदाजे चालतच नाही.

आणि माझ्या डोक्यावर, म्हणजे बरोब्बर वरच्या मजल्यावर, कोण राहतो? प्यो गी-हून! ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवतो. तोही घरी बियर करतो. माझं बघूनच सुरू केलं त्याने, पहिलं भांडं माझ्याकडून नेलं, अजून परत नाही दिलं, ते जाऊ दे... पण लिहितो का काही? एक अक्षर लिहीत नाही हो तो!

कशी करतो ते मी डोळ्यांनी पाहिलंय. बार्लीची पिशवी भांड्यावर तिरपी करतो, मान वाकडी करतो आणि म्हणतो, "बस्स, वाटतंय झालं." वाटतंय! अरे, वाटतंय म्हणजे किती ग्रॅम? विचारलं एकदा. तर म्हणतो कसा, "दादा, आज ऊन काय छान पडलंय नाही? आज जरा कडवट बरी लागेल." आणि टाकले मूठभर हॉप्स! ऊन पडलं म्हणून! उद्या ढग आले तर काय मुळा घालशील?

आणि बियर कशी होते विचारा. इथेच तर माझं पोट दुखतं... चांगली होते! लोक ग्लास खाली ठेवत नाहीत. शनिवारी त्याच्या दाराबाहेर ही चपला-बुटांची रांग! माझी बियर बायको पिते तेव्हा एक घोट घेते, जीभ टाळूला लावून विचार करते आणि म्हणते, "स्वच्छ आहे." स्वच्छ! बियर आहे का फरशी? आणि त्याची बाटली उघडली की, "अहो, संपली? बघा ना वर जाऊन, आहे का आणखी." मी जाऊ? मी?

आमच्याकडे किमचीला, म्हणजे कोबीच्या लोणच्याला, वेगळा फ्रिज असतो, त्याचंच घ्या. बाटल्यांना एक कप्पा मागितला तर घरात रणकंदन. "माझ्या आईने दिलेली किमची मग कुठे ठेवू, तुमच्या टकलावर?" बरं, नाही ठेवत. दुसऱ्या आठवड्यात गी-हूनच्या सहा बाटल्या आल्या... किमची आपोआप सरकली हो! इतकी वर्षं न हललेले डबे, गुपचूप एकावर एक चढून बसले!

माझ्या वहीची काय दशा झाली माहितीये? उजव्या पानावर चवीचा रकाना असतो. त्यात मी काय लिहायला लागलो? 'गी-हूनपेक्षा फिकी.' 'गी-हूनपेक्षा फेस कमी.' 'आज वर खूप हसत होते.' ही बियरची वही आहे का पोलिसांची डायरी? माणूस खुळा होतो मत्सराने, तुम्हाला सांगतो. बरं, त्याचीही वही असती तर तुलना तरी झाली असती, चोरून वाचली तरी असती! पण नाही. एक अक्षर लिहीत नाही हो तो!

तर अशात आली आमच्या सासऱ्यांची सत्तरी. सासरे म्हणजे बंदरावर उभा जन्म क्रेन चालवलेला माणूस, बोलले की वाटतं जहाज लागलं धक्क्याला. दर सणाला मी बियर नेतो. दर सणाला ते एक घोट घेतात, मिशी पुसतात आणि गरजतात, "जावई! बार्लीचा चहा छान झालाय!" सगळं घर हसतं. मीही हसतो. काय करता? आमच्याकडे बार्लीचा चहा पाण्यासारखा पितात हो, जेवणाबरोबर, फुकट!

म्हटलं, या खेपेला नाही. वही काढली, सगळे घाणे पहिल्यापासून वाचले, कुठे घसरलो ते लाल पेनाने खुणावलं, आणि एक घाणा असा केला, असा केला, की बाळंतिणीला कोणी जपणार नाही तसा त्या पिंपाला जपला. रात्री उठून पांघरूण नीट करायचो पिंपाचं! आणि कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी बायको काय सांगते? "गी-हून भाऊजींनाही बोलावलंय बरं का. दोन खोकी आणतायत. बाबांना त्यांची बियर एकदा पाजायचीच आहे मला." एकदा पाजायचीच आहे!

हॉटेलात मी आधी पोचलो, दोघांची खोकी सकाळीच येऊन पडलेली. बर्फाच्या घमेल्यात सगळ्या बाटल्या शेजारी शेजारी. माझ्या बाटल्यांना छापील लेबल, घाण्याचा नंबर, तारीख. त्याच्या बाटल्यांवर नुसता कागद, त्यावर पेनाने काढलेलं हसरं तोंड. बर्फाच्या पाण्याने दोन्हीची लेबलं सुटत आलेली. बायको केक आणायला गेलेली. हॉलमध्ये चिटपाखरू नाही. आता तुम्हीच सांगा, माझ्या जागी तुम्ही असतात तर... नाही, तुम्ही सज्जन, तुमचं सोडा. मी अदलाबदल केली! माझी लेबलं त्याच्या बाटल्यांना, त्याची हसरी तोंडं माझ्या बाटल्यांना. म्हटलं, एकदा, फक्त एकदा त्या म्हाताऱ्याने माझं लेबल बघून "वा जावई!" म्हणावं. दारू त्याची तर त्याची, "वा" तर माझी!

पंगत बसली. सासऱ्यांनी माझ्या लेबलाची बाटली उचलली. आत कोणाची बियर? गी-हूनची! घोट घेतला. मिशी पुसली. आणि...

"जावई! बार्लीचा चहा छान झालाय!"

बियरबरोबर चघळायला घेतलेली सुकी माखळी माझ्या हातून ताटात पडली. अहो बाबा, ती त्याची आहे, ती ऊन पडलं म्हणून केलेली आहे! पण बोलणार कसा?

मग त्यांनी हसऱ्या तोंडाची बाटली घेतली. माझी. माझा लेकरासारखा घाणा. एक घोट. डोळे मिटले. दुसरा घोट. टेबलावर थाप मारली, वाट्या उडाल्या! "याला म्हणतात बियर! ओत, आणखी ओत!" मावश्या प्यायल्या, आत्या प्यायल्या, आणि माझी बायको, जिने चार वर्षांत माझा एक ग्लास पुरा संपवला नाही, तिने दोन रिचवले आणि गाल लाल करून माझ्याकडे वळली. "अहो, घेऊन बघा जरा. शिका काहीतरी."

आनंद झाला का म्हणाल, तर झाला हो! माझी होती ना! पण सांगू कोणाला? "ती माझी" म्हटलं तर "मग लेबल कोणी बदललं?" भर सत्तरीत? मी गी-हूनकडे पाहिलं. त्याने घोट घेतला, भुवई जरा वर गेली, म्हटलं, मेलो, ओळखलं याने! तर डोकं खाजवत सासऱ्यांना म्हणतो, "काय माहीत बाबा, त्या दिवशी हात चांगला लागला असेल." लबाडी नाही हो, खरंच तसं वाटलं त्याला! स्वतःची नाही हे त्याला कळणार कसं? एक अक्षर लिहीत नाही हो तो!

मी हार मानली नाही. वही समोर ठेवून तोच घाणा पुन्हा केला, थेंबाचा फरक नाही, आणि माझं स्वतःचं लेबल लावून सासऱ्यांकडे पाठवला. दोन दिवसांनी फोन. "जावई, मिळाला चहा." गी-हूननेही 'सत्तरीची' म्हणून पुन्हा केली. कशी जमणार? काही भलतंच झालं, जवसासारखा वास. लोक प्यायले आणि म्हणाले, "आजची वेगळी आहे, पण वा!"

परवा बायको जवळ येऊन बसली. आवाज मऊ. मऊ आवाज म्हटला की मला घाम फुटतो. म्हणाली, "चिडू नका हं. मी भाऊजींशी बोललेय. दर शनिवारी वर जात जा. ती सत्तरीची बियर शिकवतायत तुम्हाला. पैसे नको म्हणाले, पण रिकाम्या हाताने जाऊ नका, गुरू आहेत."

म्हणजे माझी बियर, माझ्या भांड्यात, मला, तो शिकवणार!

आज सकाळी बाजारातून नासपतीचं खोकं घेतलं. जिन्यात नेमका तो समोर. वयाने मी मोठा, आधी वाकायचं त्याने, चार वर्षं तोच वाकत आला... आज कंबर वाकली ती माझी. तोंडातून "सर" निघून गेलं हो! तो बिचारा ओशाळला, "दादा, असं काय करता?" म्हणाला.

मी म्हटलं, काही नाही रे... खोकं जड आहे.