दुसऱ्या घरात राहते कोण?

...आणि वरून हे मलेच म्हणतात, तू मधात बोललीच काहून! आता तुम्हीच सांगा, चातुर्मासात जेवताना तोंडातून शब्द काढायचा नाही हा माझा नेम, बोललं की त्या दिवशीचं जेवण संपलं, ताटावरून उठायचं. लग्न होऊन आली तेव्हापासून पाळून राहिली. एकदा मागे गॅसवर दूध उतू चाललं होतं, पाहत बसली, पण हूं की चूं केलं नाही. अशी बाई त्या दिवशी भरल्या ताटावर बोलली, तर काय हौस म्हणून बोलली असेल? पण जाऊ द्या. मले आता काही वाटतच नाही.

तुम्हाले पहिल्यापासून सांगते. आम्ही जुन्या रायपुरातल्या चौबे कॉलोनीतले. शेजारी पद्मजा, मागे मंदिर, भाजीवाला दारात येतो, सगळं बरं चाललं होतं. पण आमचे हे रेल्वेतून रिटायर झाले आणि त्यायनं नव्या रायपुरात फ्लॅट घेतला. म्हणे राजधानी वाढून राहिली, आपला ऋषिकेश उद्या पुण्याहून परत आला तर त्याले ऑफिसजवळ घर नको? मलेही पटलं. मी जाऊन दाराले आंब्याचं तोरण बांधून आली. ते तोरण वाळलं, दुसरं बांधलं, तेही वाळलं, पोट्टा पुण्यातच आहे. येईल म्हणा. माझा भरोसा आहे.

तर एक दिवस ह्यांचे दोस्त श्यामराव सकाळी सकाळी चहाले आले अन् बातमी टाकून दिली, "सुधाकर, आता दुसऱ्या घरावर टॅक्स जादा लावून राहिले म्हणतात. कोणी राहत नसलं की लागलाच समज. पाहायले माणूस येणार आहे." झालं! ह्यायनं कप खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. कसं? कोच बाकावर बसलेल्या खेळाडूकडे पाहतो ना, तसं. "तुले काय, देवच करायचे ना? देव इथं काय अन् तिथं काय. तो माणूस येऊन जाईस्तोवर तिथं राह्यची. तो गेला की परत."

मी देव मांडीवर घेतले, तुळशीची कुंडी पायाशी ठेवली, अन् गाडीत बसली.

आता नवा रायपुर तुम्ही पाहिलंच असेल. रस्ते असे रुंद, की पलीकडे जायचं तर वाटते डबा सोबत घ्यावा. बस दिसली की नमस्कार करावा वाटते. अन् आमची बिल्डिंग! चौथ्या मजल्यावर सगळी दारं बंद, कुलपांवर धूळ. श्रावणातल्या शुक्रवारी सवाष्ण कुठून आणू? शेवटी समोरच्या बंद दाराले हळदीकुंकू लावलं अन् आली परत. आधी रडू यायचं, मग तेही थांबलं. मले काही वाटतच नाही असं तेव्हापासून झालं पाहा.

हेही तिथंच आले राहायले. प्रेमानं नाही, पोळ्या तिथं होत्या म्हणून. चौबे कॉलोनीले कुलूप. आणि ह्यांचं मन लागावं म्हणून रोज दुपारी श्यामराव आणि हिरालालभैया स्कूटरवर बसून हजर! तिघंही रेल्वे कॉलोनीच्या ग्राउंडवर फुटबॉल पाहून म्हातारे झालेले. स्वतः कोणी बॉलले पाय लावला नाही, पण जुने खेळाडू असे आठवतात जसे यांच्याच पोटचे होते. लेफ्टले खेळायचा तो फ्रान्सिस, त्याचा बूट कसा फाटला होता, तो फाटक्या बुटानं कसा मारायचा... आणि सगळ्यात मोठा तो गोलकीपर थापा! भिलाईसोबतच्या मॅचमधे थापानं बॉल पोटाशी धरला, तेव्हा बॉल रेषेच्या आत गेला होता की बाहेर होता? श्यामराव म्हणतात, "आत होता. मी गोलच्या मागेच उभा होतो." हे म्हणतात, "तू गोलच्या मागे नाही, चण्याच्या ठेल्यामागे होता." हिरालालभैया दोघांलेही "हव, हव" म्हणत होकार देतात आणि चहा मागतात. थापा केव्हाचा गावी गेला, ते ग्राउंड गेलं, रेफरी देवाघरी गेला, अन् बॉल अजून रेषेवरच!

तो मेला टॅक्सवाला मात्र येईना. पद्मजाचा फोन यायचा, "ताई, तुमच्याशिवाय भजनाले टाळ कोणी धरत नाही." मी देवाले रोज म्हणायची, बापा, बाकी काही नको, तेवढा माणूस पाठव, मले घरी जायचं आहे.

आणि आला ना! केव्हा? मी ताटावर बसली तेव्हा. पहिला घास तोंडात, नेम सुरू. अन् हे तिघं काय करत होते? देवासमोरच्या माझ्या रांगोळीची त्यायनं केली गोलची रेषा, देवापुढचा नारळ झाला बॉल, आणि तिघंही गुडघे टेकून, जमिनीले गाल लावून पाहून राहिले, नारळ आत आहे की बाहेर! समई पेटलेली, उदबत्तीचा धूर, आणि दार उघडं. तो पोरगेला माणूस, गळ्यात कार्ड, हातात मोबाइल, दारातच थांबला. आधी त्यानं चपला काढल्या. मग हळूच विचारते, "बाबूजी, ये मंदिर है क्या?"

तिघांनी मान वर केली. तो माझ्याकडे पाहते. "माताजी मौन में हैं?" हिरालालभैया सवयीनं म्हणाले, "हव." "अच्छा, तो आश्रम है। धार्मिक जगह का तो टैक्स ही नहीं लगता," म्हणून त्यानं मोबाइलवर बोट नेलं.

आणि मी ह्यांचं तोंड पाहिलं. इतकी वर्षं संसार केला, ते तोंड मले समजते. टॅक्सच नाही! ह्यायनं हळूच हात जोडले, डोळे मिटले, अन् देवासमोर नीट मांडी घालून बसले. श्यामरावांनी रुमाल डोक्यावर घेतला!

आता सांगा, मी काय करू? बोलली तर नेम मोडते. नाही बोलली तर देवाच्या तोंडावर खोटं, आणि ते खोटं खरं ठेवायले मी जन्मभर त्या चौथ्या मजल्यावर माताजी! घास गिळला, हात ताटाबाहेर काढला, अन् म्हटलं, "भैया, मंदिर नहीं है। घर है। मैं रहती हूँ यहाँ।" आणि ताटावरून उठली. वरणभात तसाच. मले काही वाटलं नाही. म्हणजे भूक वाटली, बाकी काही नाही.

पोरगा भला होता. म्हणे, "ठीक है आंटी, रहती हैं तो ज़्यादा टैक्स नहीं लगेगा।" मी मनात देव गाडीत ठेवलेसुद्धा! पण तो मोबाइलकडे पाहतच राहिला. "बाबूजी, आपके नाम पे एक घर चौबे कॉलोनी में भी दिख रहा है। वहाँ कौन रहता है?"

तिघंही परत वाकून नारळ पाहायले लागले.

"फिर तो दूसरा घर वो हुआ," म्हणे. "वहाँ भी कोई देखने आएगा।" चपला घातल्या अन् गेला.

त्या दिवसापासून मी देव घेऊन चौबे कॉलोनीत नव्या पाहणाऱ्याची वाट पाहत, आणि हे नव्या रायपुरात, तो पहिला परत पाहायले आला तर घर रिकामं नको म्हणून. पद्मजा हळूच विचारते, "ताई, भाऊजींसोबत काही झालं का?" काय सांगू? म्हटलं, काही नाही, टॅक्स झाला. तिकडून संध्याकाळी फोन येतो, "तू मधात बोललीच काहून?" म्हणतात, आणि मग भाजीत मीठ किती टाकू ते विचारतात. मले काही वाटत नाही.

काल पुण्याहून सुनेचा, स्वरदाचा फोन आला. "आई, आम्ही दोघं दिवाळीला येतोय. पण यायचं कुठल्या घरी?" ऐकून इतका आनंद झाला, डोळे भरून आले माझे. म्हटलं, बाई, जिथं तो पाहणारा यायचा बाकी आहे ना, तिथंच या. तेवढीच दोन माणसं जास्ती दिसतील.