राजकन्येची रेघ

दाताच्या दवाखान्यात खिडकीमागची बाई नंबर पुकारायचं विसरून समोरच्या बापलेकीचं बोलणं ऐकत होती. लेक स्वतः रचलेल्या काल्पनिक राज्यावरच्या लेखाला जोडायला राजघराण्याची वंशावळ काढत होती.

“या राजकन्येलाच तुटक रेघ का गं?”

“दत्तक आहे ना ती, माझ्यासारखी. तशीच काढायची पद्धत असते, बाबा.”

“तुझ्या राज्यात पद्धत कोण ठरवतं?”

“मीच की!”

“मग?”

खसाखसा खोडरबर फिरलं.

“अहो बाबा, सरळ रेघ ओढली तर सगळ्यांत थोरली हीच! म्हणजे गादी हिचीच!”

“आणि पुढच्या लेखातलं भावाभावांचं युद्ध?”

“कशाला होतंय आता!”

“चला, आत डॉक्टर थांबलेत,” बाई नाइलाजाने म्हणाली.

“थांबू देत हो, मावशी! राज्याभिषेक चाललाय!”