घरच्या मशीनवरचे साडेआठ

पंचवटीतल्या दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर निफाडकडचं एक म्हातारं जोडपं बसलं होतं. माझे कान मुळातच आगाऊ, ते आपणहून तिकडे वळले.

"लॅबवाला म्हणतो, युरिक अ‍ॅसिड पाच. घरच्या मशीनवर काल साडेआठ होतं. एका दिवसात एवढं उतरतं व्हय?"

"उतरत असंल."

"त्या साडेआठपायी लेकानं नातवाच्या जावळाचं मटण बंद केलं माझं. मशीन भंगारात देतो आता."

"मशीन चांगलं हे."

"तुला काय ठाऊक?"

"अहो, सुई बघून तुम्ही डोळे मिटले ना, तव्हा मी माझंच बोट टोचलं."

"तरीच. मला वाटलं, तुझा हात हलका हे."

"तुमचा पायाचा अंगठा सुजलेला. म्हटलं, तुमचं रक्त जास्तीच दाखवणार. माझं कमी भरंल, जावळाला तुम्हाला दोन फोडी तरी मिळतील."

"म्हणजे साडेआठ तुझं."

"असंल."

"तुझाबी अंगठा दुखतो?"

"तुम्ही पाणी प्या."

"ललिता, मी काय इचारतोय?"

"दिवाळीपासून दुखतो. पण तुम्ही लंगडायला लागले. म्हटलं, घरात एक लंगडा पुरे."

"आन् रोज माझेच पाय चेपत बसली."

"तुम्ही कण्हत होते. मी नव्हते कण्हत."

तेवढ्यात दारातून सिस्टरनं हाक मारली, "धनराज काका, चला आत."

"मी नाय, बाई. हिला घ्या. माझी नुसती चप्पल चावली हे."